नाकसानसा: वितळलेली घंटा आणि फेकून दिलेलं पाणी

पहिला दिवस

कोरियाला यायच्या आधी आईने एकच प्रश्न विचारला होता. "चैत्यभूमीशिवाय समुद्राकाठी बुद्ध आहे का गं कुठे?" आई विदर्भातली. लग्न होऊन मुंबईला आली आणि पहिला समुद्र पाहिला तो दादरला, सहा डिसेंबरच्या रांगेतून पुढे सरकताना. तेव्हापासून समुद्र आणि वंदना तिच्या मनात एकत्रच आहेत. दादा चार वर्षं नोकरीसाठी सुवॉनला आहे. त्याने फोनवर प्रश्न ऐकला आणि लगेच म्हणाला, "आहे. नाकसानसा. तू फक्त तिला घेऊन ये."

सोलच्या पूर्वेकडच्या बस टर्मिनलवरून यांगयांगची बस सुटली तेव्हा आईच्या मांडीवर दोन पिशव्या होत्या. एकीत चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी, दुसरीत पांढरी साडी. एप्रिल असला तरी गारठा आहे म्हणून दादाने ती साडी सकाळी बॅगेतून बाहेर काढून ठेवली होती. आईने काही न बोलता वेगळी पिशवी केली.

तिच्यासाठी हे विहार बघणं म्हणजे पर्यटन नव्हतं, हे सांगायला हवं. आजी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षाभूमीवर होती आणि आई तेव्हा आजीच्या पोटात होती. "मी दीक्षा पोटातच घेतली," असं ती सांगते आणि ते सांगताना ताठ बसते.

सोल ते यांगयांग हा द्रुतगती मार्ग २०१७मध्ये पूर्ण झाला. पूर्वी घाट चढून-उतरून जावं लागायचं, आता अडीच तासांत माणूस पूर्व किनाऱ्याला पोचतो. शेवटच्या टप्प्यात डोंगराच्या पोटातून जवळजवळ ११ किलोमीटरचा बोगदा आहे. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून आत मधेमधे रंगीत दिवे लावलेत. आई मोजत होती, "अजून संपला नाही? अजून नाही?" बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार लागतो, हवा बदलते आणि थोड्या वेळाने समोर निळी रेघ दिसायला लागते.

यांगयांगहून टॅक्सीने नाकसानच्या किनाऱ्यावर आलो. एका घरगुती लॉजमध्ये उतरलो. वारा इतका होता की दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. घरमालकीण सत्तरीची असेल. तिने दादाला बराच वेळ काहीतरी सांगितलं. या वाऱ्याला नाव आहे, यांगगानजीफुंग. वसंतात पश्चिमेकडून डोंगर ओलांडून येतो आणि उतरताना कोरडा, गरम, वेगवान होतो. इथले लोक एप्रिलमध्ये शेकोटीसुद्धा पेटवायला घाबरतात. २००५ साली याच वाऱ्याने वणवा देवळावर आणला होता, असं म्हणून तिने खिडकीतून काळ्या टेकडीकडे बोट दाखवलं. तिथे ओळीने बारीक दिवे लुकलुकत होते. बुद्धजयंतीसाठी कागदी कंदील लावायला सुरुवात झाली होती. इकडे ती चांद्र वर्षातल्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी असते, आपल्यासारखी वैशाख पौर्णिमेला नाही. आईला ते पटायला जरा वेळ लागला.

दुसरा दिवस

सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवला. आम्ही वाळूत उभे होतो. त्याबद्दल फार लिहीत नाही, सूर्योदय ज्याने त्याने बघावा. वारा रात्रीतून पडला होता.

आईने पांढरी साडी नेसली, वर दादाचं जाडजूड जॅकेट, पायात बूट. किनाऱ्याच्या बाजूनेही विहारात जायला वाट आहे, तिथून वर चढलो. चढ सोपा आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही झेपेल असा. पहिल्यांदा लागतं उइसांगदे, कड्याच्या टोकावरचं लाकडी मंडपासारखं बांधकाम, भोवती वाकडे पाइन. हे १९२०च्या दशकातलं, पण जागा फार जुनी. उइसांग हा सिल्ला या जुन्या कोरियन राज्यातला भिक्षू. समुद्रापलीकडे चीनला जाऊन त्याने अवतंसक सूत्राचा अभ्यास केला आणि परतल्यावर ६७१ साली हे विहार स्थापन केलं. या कड्यावर तो ध्यानाला बसायचा, असं सांगतात. 'सा' म्हणजे विहार आणि 'नाकसान' हे आपल्याच 'पोतलक' या नावाचं कोरियन जिभेवर छोटं झालेलं रूप. पोतलक हा अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचा पर्वत. ह्युएन त्संगने तो आपल्या दक्षिणेत, मलय पर्वताजवळ असल्याचं लिहून ठेवलंय. तिबेटचा पोताला, चीनमधलं फुथ्वो बेट, सगळे त्याच नावाचे. कुणीही तो पर्वत पाहिलेला नव्हता, म्हणून प्रत्येकाने आपापल्या देशात उभा केला.

कड्याच्या वाटेने पुढे गेलं की होंगन्योनाम येतं, म्हणजे लाल कमळाची कुटी. मला या सगळ्या परिसरात ही जागा सर्वात जास्त आवडली. खडकाला उभी चीर गेलीय, तिच्यात समुद्र शिरतो आणि त्या चिरेवर, दोन्ही काठांवर पाय देऊन उभं राहावं तशी ही छोटी लाकडी खोली उभी आहे. कथा अशी की उइसांग एका निळ्या पक्ष्यामागून इथवर आला, गुहेच्या तोंडाशी दिवसरात्र प्रार्थना करत राहिला आणि अखेर समुद्रातून लाल कमळ वर आलं, त्यावर ग्वानउम. ग्वानउम म्हणजे अवलोकितेश्वर. शब्दाचा अर्थ, जगाचे आवाज बघणारा. ऐकणारा म्हणा.

आत बूट काढून गेलो. गाभाऱ्यासमोरच्या लाकडी जमिनीत एक छोटं भोक आहे, तळहाताएवढंही नसेल. त्यातून खाली बघितलं की अंधारात पाणी पांढरं होऊन फुटताना दिसतं आणि क्षणाने धप्प असा आवाज तळव्यांना जाणवतो. आमच्या मागे सात-आठ बायका रांगेत होत्या. आईने वाकून जेमतेम पाहिलं आणि उठली. त्या बायका एकामागून एक गुडघे, कोपर, कपाळ टेकून तीनदा नमस्कार करत होत्या. आपला पंचांग प्रणाम जसा असतो, अगदी तसाच. आई मात्र हात जोडून नुसती उभी राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ही बाई कोण? बुद्ध कुठंय?"

मी सांगितलं, ही बाई नाही, बोधिसत्त्व आहे. आपल्या कान्हेरीत नाही का, गुंफेत कोरलाय, दोन्ही बाजूंना आठ संकटं, त्यात बुडणारं जहाज आणि हात जोडलेले खलाशी? तोच हा.

"कान्हेरीत पुरुष आहे तो."

"इकडे येता येता बाई झाली. चीनमध्ये तसं रूप आलं."

"असेल," आई म्हणाली. "पण आपण नवस बोलायच्या मूर्तीपुढे डोकं टेकत नाही. बाबासाहेबांनी त्यासाठी दीक्षा दिली नाही."

यावर मी काही बोलले नाही. ती चुकीचं बोलत नव्हती. कुटीबाहेर खरंच परीक्षेचे, नोकरीचे, बाळाचे नवस लिहून टांगलेले होते. वाटेत एका दगडी कुंडात झऱ्याचं पाणी पडत होतं, काठावर लांब दांड्याचे दोन-तीन पळे. कुणीही यावं, पळा भरून प्यावं, विसळून परत ठेवावा. आई तिथे दोन पळे पाणी प्यायली.

मग उइसांगच्या नावाच्या स्मारक दालनात गेलो. मला वाटलं होतं, फोटो आणि पाट्या असतील. दारातून आत वळलो तर काचेच्या मागे ती घंटा. घंटा म्हणून ओळखूच येत नाही. काळपट हिरव्या धातूचा ढिगारा, कुठे ओघळ गोठलेला, कुठे बुडबुडे फुटल्यासारखा खड्डा. १४६९ साली येजोंग राजाने आपल्या वडिलांच्या, सेजो राजाच्या स्मरणार्थ ती ओतवून घेतली होती. दीड मीटरहून उंच, अंगावर चार उभे बोधिसत्त्व आणि संस्कृत बीजाक्षरं. शेजारी जुना फोटो आहे, त्यात ती अक्षरं दिसतात. सिद्धम् लिपीतली, आपल्या देवनागरीच्या चुलत बहिणीसारखी.

४ एप्रिल २००५च्या रात्री जवळच्या जंगलात वणवा पेटला. सकाळी आटोक्यात येतोय असं वाटलं आणि वाऱ्याने पुन्हा उचल खाल्ली. ५ एप्रिलला दुपारी आग विहारात शिरली. तो दिवस कोरियात झाडं लावण्याचा दिवस असतो. मुख्य मंदिरासकट बहुतेक इमारती काही तासांत गेल्या. घंटेवरचा लाकडी मंडप पेटला आणि तिच्याच डोक्यावर बसला. कासं वितळायला नऊशे-हजार अंश तापमान लागतं. मंडपाच्या लाकडांनी ते दिलं. ५३६ वर्षं जी घंटा वाजत होती, ती स्वतःच्या छपराखाली वितळली.

मुख्य मंदिरातली ग्वानउमची मूर्ती तेवढी भिक्षूंनी आधीच बाहेर काढली, म्हणून वाचली. पुढे जळक्या तुळयांच्या शिल्लक लाकडातून कारागिरांनी एक व्हायोलिन आणि एक चेलो बनवला, तीही याच दालनात ठेवलीत. लाकूड गडद आहे, बाकी काही कळत नाही की हे आगीतून आलंय.

आई घंटेपुढे किती वेळ उभी होती कोण जाणे. मी मागे वळून पाहिलं तर तिने हात जोडले होते आणि ओठ हलत होते. "सब्बे सङ्खारा अनिच्चा" एवढं ऐकू आलं. आमच्याकडे हे कुणी गेलं की म्हणतात.

दुपारी विहारात येणाऱ्या कुणालाही फुकट जेवण मिळतं, गव्हाच्या बारीक शेवयांचं गरम सूप आणि सोबत किमची. देवळातल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे किमचीची चव हलकी लागते. लांब बाकांवर ओळखी-अनोळखी सगळे खांद्याला खांदा लावून बसतात, वाटी आपली आपण नेऊन ठेवायची. आईने चपातीची पुरचुंडी उघडली. शेजारच्या आजीला अर्धी दिली, त्या आजीने आपल्या वाटीतली किमची आईच्या वाटीत घातली. दोघींनी एकमेकींच्या भाषेतला एकही शब्द न कळता बऱ्याच गप्पा मारल्या.

तिथेच, शेवया खाता खाता, दादाने वोनह्योची गोष्ट सांगितली. तिचा दुसरा भाग तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या कोरियन ग्रंथात आहे आणि तो इथलाच आहे, नाकसानचा.

वोनह्यो हा उइसांगचा मित्र. दोघं मिळून चीनला निघाले होते. वाटेत रात्री वोनह्योला तहान लागली, अंधारात हाताला भांडं लागलं, त्यातलं पाणी तो गटागटा प्यायला आणि झोपला. सकाळी बघतो तर भांडं म्हणजे माणसाची कवटी. पोटातून ढवळून आलं. आणि तिथेच त्याला कळलं की रात्री तेच पाणी गोड होतं, पाणी बदललं नाही, मन बदललं. चीनला जायची गरज उरली नाही म्हणून तो परत फिरला. ही कथा कोरियात शाळकरी पोरांनाही माहीत असते.

"पण पुढचं ऐक," दादा म्हणाला. काही वर्षांनी उइसांगला ग्वानउमचं दर्शन झालं म्हणून वोनह्योही नाकसानला निघाला. वाटेत पांढऱ्या कपड्यातली एक बाई भात कापत होती. याने गमतीने थोडं भात मागितलं. तिने तसंच गमतीने पीक बुडालं म्हणून सांगितलं. पुढे पुलाखाली एक बाई पाळीची फडकी धूत होती. याने प्यायला पाणी मागितलं. तिने धुतलेलं तेच पाणी भरून पुढे केलं. वोनह्योने ते ओतून दिलं आणि वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी स्वतः घेऊन प्यायला. तेवढ्यात पाइनवर बसलेला निळा पक्षी त्याला हटकून बोलला आणि दिसेनासा झाला. झाडाखाली चप्पल पडली होती, एकाच पायाची. वोनह्यो विहारात पोचला तर ग्वानउमच्या आसनाखाली दुसऱ्या पायाची चप्पल. वाटेतली बाई कोण होती ते तेव्हा त्याला कळलं. त्याने गुहेत जाऊन दर्शन घ्यायचं ठरवलं, पण समुद्र खवळला आणि त्याला तसंच परतावं लागलं.

आईने वाटी खाली ठेवली होती.

"कवटीतलं पाणी पिऊन ज्याला एवढं ज्ञान झालं," ती म्हणाली, "त्यानेसुद्धा बाईच्या हातचं पाणी फेकलं?"

"हो."

"आणि हे त्यांनी लिहून ठेवलंय? त्यांच्याच पुस्तकात? लपवलं नाही?"

"नाही लपवलं."

मग आई बोलत राहिली. विहिरीपासून लांब घागर ठेवून आजी कशी उभी राहायची, कुणी येऊन वरून पाणी घातलं तर घातलं, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत तशीच. ते मी अनेकदा ऐकलंय. पण त्या दिवशी तिने पुढचं सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. "आणि बाहेर आम्हाला जे करायचे, ते घरात आम्ही बायकांनाच करायचो. त्या चार दिवसांत मला वेगळी वाटी होती. दीक्षा घेतलेल्या घरात. तुझी आजी माठाला हात लावू द्यायची नाही." थोडं थांबून म्हणाली, "महाडला २० मार्चला जाते ना मी, तळ्याचं पाणी ओंजळीत घेते, तेव्हा दर वेळी ती वाटी आठवते. कुणाला सांगितलं नाही कधी."

दादा खाली बघत होता. मी तिचा हात धरला. अवलोकितेश्वराबद्दल मी किती वाचलंय, कान्हेरीला किती वेळा गेलेय, पण तो विटाळाची फडकी धूत पुलाखाली बसला असेल असं मला कधी सुचलं नव्हतं. आईला त्या बाईची ओळख पटायला काहीच वाचावं लागलं नाही.

तिथून टेकडीच्या माथ्यावर गेलो. तिथे समुद्राकडे तोंड करून ग्वानउम उभी आहे, पांढऱ्या ग्रॅनाइटची, १६ मीटर उंच. ही मूर्ती १९७७ची. वणव्यात सगळा डोंगर काळा झाला तरी ती तशीच उभी राहिली. आईने जॅकेट काढून माझ्याकडे दिलं, पदर नीट घेतला, आसनावर गुडघे टेकले आणि तीनदा कपाळ जमिनीला लावलं. उठल्यावर म्हणाली, "नवस नाही बोलले हं."

माथ्यावरून मुख्य मंदिराकडे पाइनच्या झाडांमधून पायवाट जाते. झाडं कोवळी आहेत, आगीनंतर लावलेली, खोडं मनगटापासून मांडीएवढी. मधेच एखादं जुनं, बुंध्याला काळं. मुख्य मंदिर २००७मध्ये पुन्हा उभं राहिलं. जागेचं उत्खनन केलं आणि किम होंग-दो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेलं नाकसानसाचं चित्र समोर ठेवून इमारतींची मांडणी ठरवली. म्हणजे आग लागली आणि विहार दोनशे वर्षं मागे, आपल्या जुन्या रूपाकडे गेलं. आत वाचलेली ती मूर्ती बसली आहे, कापडाच्या थरांवर झाडाच्या चिकाचं रोगण चढवून घडवलेली, चेहरा किंचित पुढे झुकलेला, कुणी हळू बोलत असेल तर ऐकायला झुकावं तसा. अंगणातला सात मजली दगडी स्तूप मात्र जुनाच.

अंगणाच्या कडेला कौलं रचून ठेवली होती. दहा हजार वॉन दिले की एका कौलावर पांढऱ्या रंगाने नाव लिहायचं. पुढे छपराचं काम निघेल तेव्हा ते वर चढतं. आईने ब्रश घेतला. कोरियन अक्षरांच्या गर्दीत तिने देवनागरीत आजीचं नाव लिहिलं आणि खाली 'जय भीम'. कौल सांभाळणाऱ्या बाईने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि दादाला विचारलं, ही मंत्राची अक्षरं का? दादा म्हणाला, हो.

परतताना होंग्येमुन या कमानीखालून गेलो. १४६७ साली सेजो राजाच्या इच्छेवरून या प्रांतातल्या २६ गावच्या अधिकाऱ्यांनी एकेक दगड दिला, त्या २६ दगडांची कमान. वरचा लाकडी मंडप जळला होता, तो नवा आहे. आई दमली होती. रात्री आठलाच झोपली.

तिसरा दिवस

सकाळी सोकचोला जाऊन आलो. युद्धात उत्तरेतून पळून आलेल्या लोकांची तिथे आबाई नावाची वस्ती आहे. परत घरी जाऊ म्हणून तात्पुरती वसलेली, ती तिथेच राहिली. खाडी ओलांडायला सपाट तराफा आहे, लोखंडी तार आकड्याने ओढत प्रवाशांनीच न्यायचा. आईनेही आकडा हातात घेऊन ओढला. तिथे जास्त वेळ थांबावं असं मला वाटत होतं, पण आईचं लक्ष घड्याळाकडे.

"बस किती वाजता?"

"संध्याकाळी."

"मग त्या भोकाच्या खोलीत परत जाऊ."

दुपारी चारच्या पुढे होंगन्योनामला पोचलो. शाळेची एक सहल नुकतीच खाली उतरत होती, त्यानंतर वाटेवर कुणी नव्हतं. भरती होती की वारा पुन्हा उठला होता माहीत नाही, पण लाटा कालच्यापेक्षा मोठ्या होत्या आणि कुटीच्या पायऱ्यांवर उभं असतानाही खालचे धक्के कळत होते. आत सेवेला बसलेली एक मावशी आसनांच्या घड्या घालत होती. तिने आईची साडी ओळखली, हसली आणि बाजूला झाली.

आईने आधी ग्वानउमपुढे तीन वेळा डोकं टेकलं. मग भोकाजवळ बसली. मला वाटलं वाकून बघेल. ती बघेना. जमिनीवर आडवी झाली, कुशीवर, पदर गोळा करून डोक्याखाली घेतला आणि भोकावर कान ठेवला.

मावशी घडी अर्धवट हातात धरून थांबून राहिली. दादाने मला खूण केली, बसला अजून वेळ आहे.